दोनशे चौदाचा निरोप

"बीप वाजल्यावर बोलायचं, सलगर. आधी नाही."

"बीप म्हंजे?"

"टींऽ असं वाजतं. ते वाजलं की समजायचं, यंत्र ऐकायला लागलं. त्याच्या आधी बोललात तर सगळं वाऱ्यावर."

बिरू सलगरनं रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला. माझ्या खोलीत एसी होता, माणसांसाठी नव्हे, टेलिफोनच्या यंत्रासाठी. म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढून यायचं असा नियम मीच केला होता. सलगरचे पाय फाउंड्रीच्या काळ्या वाळूनं माखलेले होते आणि फरशीवर डाग पडू नयेत म्हणून तो टाचांवर उभा होता. त्यानं डोळे मिटले. पहिल्या खेपेला तो बीपच्या आधीच "हॅलो" म्हणाला आणि जीभ चावली. दुसऱ्या खेपेला त्यानं एक बोट वर केलं, आवाज येईपर्यंत ते तसंच धरून ठेवलं, आणि मग बोट खाली घेऊन स्पष्ट म्हणाला, "मी बिरू सलगर. क्रेनवरला."

"झकास," मी म्हटलं.

"आनि एकदा करू का बाई? पक्कं हुतंय."

तिसऱ्यांदाही त्यानं अगदी बिनचूक केलं. त्या आठवड्यात मी कारखान्यातल्या साठ-सत्तर माणसांना हे शिकवलं होतं. त्यात इंजिनियर होते, अकाउंट्सवाले होते, पण इतकं मन लावून शिकलेला हा एकटाच.

ही गोष्ट दोन हजार एक सालची, कुपवाडच्या एमआयडीसीतली. आमच्या फाउंड्रीत मी चौदा वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. चौदा वर्षं कानात हेडफोन आणि समोर गुलाबी कागदांचं पॅड. साहेब जागेवर नसले की निरोप लिहायचा आणि शिपायाच्या हाती पाठवायचा. निरोप तातडीचा असला तर स्वतः उठून साहेबांच्या दारात जायचं आणि कानावर घालायचा. मला सगळे टिळेकरबाई म्हणत, पण माझ्या माघारी "ऑपरेटरला सांग", "ऑपरेटरला विचार" असंच चालायचं. मग धाकट्या मालकांनी नवं एक्स्चेंज आणलं, व्हॉइस मेलसकट. मला पुण्याला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. परत आले तेव्हा माझ्या दारावर पाटी लागली होती : सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. खोटं कशाला बोलू, ती पाटी मी रोज सकाळी पदरानं पुसत असे.

काम अवघड नव्हतं, पण सगळं माझ्याच हातात होतं. प्रत्येक एक्स्टेन्शनला एक बॉक्स. कोणाचा बॉक्स उघडायचा, कोणाचा बंद करायचा, पासवर्ड विसरला की नवा द्यायचा, शनिवारी जुने निरोप साफ करायचे. माझ्या पडद्यावर सगळ्या बॉक्सांची यादी दिसायची. कोणत्या बॉक्समध्ये किती निरोप न ऐकता पडलेत, हेही दिसायचं. आणि माझ्याकडे असा एक मास्टर पासवर्ड होता की त्यानं कारखान्यातला कुठलाही बॉक्स उघडायचा. मालकांचासुद्धा.

या सगळ्याला एकाच माणसानं भीक घातली नाही. हेर्लेकर साहेब, वर्क्स मॅनेजर, एक्स्टेन्शन दोनशे चौदा. मी कॉन्फरन्स हॉलमध्ये सगळ्या साहेबलोकांना यंत्राची माहिती देत होते तेव्हा ते मध्येच म्हणाले, "बाई, तुम्ही असताना आम्हाला यंत्र कशाला? तुम्हीच आमचं यंत्र!" सगळे खो खो हसले. धाकटे मालकही हसले. मीही हसले, पण अंगाची लाही लाही झाली.

त्यानंतर मी त्यांच्याकडे तीनदा गेले. साहेब, तुमचा पासवर्ड ठेवून घ्या. साहेब, तुमच्या आवाजात दोन वाक्यं रेकॉर्ड करा.

"तुमच्याच आवाजात करा की," ते म्हणाले. "तुमचा आवाज गोड आहे. आणि निरोप तुम्हीच ऐका, मला चिठ्ठी पाठवा. इतकी वर्षं चाललंय ते काय वाईट आहे?"

"साहेब, चिठ्ठ्या बंद करायचं सर्क्युलर निघालंय."

"कोणी काढलं?"

सर्क्युलरवर सही मालकांची होती. मजकूर माझा होता.

निरोप आला की फोनवर एक लाल दिवा लुकलुकायचा. हेर्लेकर साहेबांच्या डोळ्यांना त्याचा त्रास व्हायला लागला, तेव्हा त्यांनी इलेक्ट्रिशियनकडून काळी टेप मागवली आणि तुकडा कापून दिव्यावर चिकटवून टाकला. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. शेवटी त्यांचा बॉक्स मी माझ्याच आवाजात सुरू केला. 'हेर्लेकर साहेब जागेवर नाहीत. बीप वाजल्यावर आपला निरोप ठेवा.' आणि मनाशी ठरवलं, आता एकही चिठ्ठी नाही. साठू देत निरोप. एक दिवस मालकांचा एखादा निरोप राहील, चांगला दणका बसेल, मग येतील माझ्या दारात चपला काढून.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास शॉपमधल्या, म्हणजे भट्टीच्या शेडमधल्या, फोनवरून सलगर लाइनवर आला.

"बाई, हेर्लेकर साहेब हाईत का जाग्याव?"

"राउंडला गेलेत. बॉक्समध्ये निरोप ठेवा."

"बॉक्समदी नगं बाई. तुमीच लिवून घ्या की. क्रेनचं हाय जरा."

"चिठ्ठ्या बंद झाल्यात, सलगर. तुम्हाला शिकवलंय ना? तुम्ही तर एक नंबर शिकलात."

"तसं न्हवं. तुमी सांगितलं की साहेब ऐकत्यात."

"यंत्रानं सांगितलं तरी ऐकतील. बीपनंतर बोला हं," मी म्हटलं आणि लाइन दोनशे चौदाच्या बॉक्सला जोडून दिली.

पडद्यावर दोनशे चौदासमोर सोळाचा आकडा होता. दीड-दोन मिनिटांनी तो सतरा झाला. मी तो होताना पाहिला. मनात म्हटलं, होऊ देत पंचवीस. आणि शिपायाला चहा आणायला पाठवलं.

क्रेनचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मला माहीत नव्हतं असंही नाही. भट्टीतलं वितळलेलं लोखंड मोठ्या बादलीत घेऊन क्रेन शॉपच्या या टोकाहून त्या टोकाला जाते, आणि खाली मोल्डर लोक साच्यांपाशी उभे असतात, हे चौदा वर्षांत मी रोज पाहिलेलं. वर्क्स मॅनेजरनं सांगितल्याशिवाय क्रेन कोणालाही थांबवता येत नाही, हा नियमही ठाऊक होता. तशा चिठ्ठ्या मी पूर्वी कितीतरी लिहिल्या होत्या आणि प्रत्येक वेळी साहेबांच्या टेबलापर्यंत स्वतः चालत गेले होते. बुधवारी हेर्लेकर साहेब माझ्या दारावरून दोनदा गेले. मी मान वर केली नाही.

गुरुवारी दुपारी तीनला शॉपच्या फोनवरून ओरडणं ऐकू आलं. कोण बोलत होतं कळेना. "बादली सुटली, बादली सुटली, गाडी बोलवा." मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, मिरजेच्या दवाखान्यात लावला, मालकांच्या घरी लावला. माझे हात सराईतासारखे चालत होते. अर्ध्या तासानं शिपाई आला. पांढराफटक पडला होता. म्हणाला, "यासीन मुजावर गावला खाली. पायाव पडलं सगळं."

मुजावर मोल्डर. तो आणि सलगर दोघेही बेडग गावचे. एकाच लुनावरून यायचे-जायचे. लुना सलगरची, पेट्रोल मुजावरचं. क्रेन चालवत होता सलगर.

मुजावरचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. शुक्रवारी सकाळी सलगरला घरी बसवलं. त्यानं हलगर्जीपणानं क्रेन चालवली, त्याच्यामुळं माणूस जायबंदी झाला, असा ठपका होता. आणि सलगर सगळ्यांना एकच सांगत होता, की ब्रेक घसरतोय हे मी मंगळवारीच सांगितलंय. साहेबांच्या बॉक्समध्ये सांगितलंय. टिळेकरबाईंना विचारा.

दुपारी हेर्लेकर साहेब माझ्या खोलीत आले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. बूट काढले नाहीत. दार लोटून घेतलं.

"बाई, त्या माझ्या बॉक्समध्ये काही आहे का?"

"निरोप आहेत, साहेब."

"कोणाचे?"

"ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

"मग ऐका." त्यांनी बोटानं रिसीव्हर दाखवला. "मला ते काही जमत नाही. तुम्ही ऐका आणि मला सांगा. सलगर म्हणतो तसं त्यात काही आहे की नाही."

म्हणजे तो दिवस आला होता. हेर्लेकर साहेब माझ्या दारात येऊन उभे होते. मी रिसीव्हर उचलला, पासवर्ड दाबला. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी एकेक निरोप ऐकत गेले. बेल्टवाल्या व्यापाऱ्याचा, साहेबांच्या बायकोचा, कोळशाच्या ट्रकचा. आणि मग तो आला.

"हां. वाजलं. बाई, मी बिरू सलगर, क्रेनवरला. बाई, ब्रेक घसरायलाय. भरली बादली धरली की ती वीतभर खाली येती. थांबतच न्हाई. फिटर म्हनतोय साहेबांनी सांगितल्याबिगर क्रेन बंद करता येत न्हाई. खाली यासीन आनि बाकीची पोरं असत्यात वो. तवा तुमी तेवढं साहेबास्नी सांगा, बाई. पहिल्यावानी जाऊन सांगा. तुमी सांगितलं म्हंजे झालं, मी निवांत ऱ्हातो. ऐकलं न्हवं?... बाई?... बरं, ठिवतो मग."

साहेब जागेवर नाहीत हे त्याला माझ्या आवाजानं सांगितलं होतं. म्हणून तो माझ्याशी बोलला होता. बीप वाजेपर्यंत थांबला, मी शिकवलं तसं, बोट वर करूनच थांबला असेल, आणि मग निरोप ठेवला तो मला. दोन दिवस तो वर क्रेनच्या केबिनमध्ये निवांत होता. बाईंनी ऐकलंय, बाई जाऊन सांगतील.

खरं तर त्या निरोपात हेर्लेकर साहेबांचीच मान अडकत होती. न ऐकलेला बॉक्स त्यांचा, दिव्यावर टेप त्यांची. पण हे आज सुचतं. त्या क्षणी मला फक्त 'बाई, बाई' ऐकू येत होतं. चार माणसांत हा निरोप वाजणार, आणि कोणीतरी विचारणार, बाई, तुम्ही काय केलंत? आकडा सतरा झाला तेव्हा तुम्ही काय करत होता? मी चहा पीत होते. दारावरची पाटी मला डोळ्यांसमोर दिसायला लागली, तिचे चार स्क्रू सुद्धा.

यंत्रातली बाई इंग्रजीत सांगत होती, जपून ठेवायचा असेल तर दोन दाबा, पुसायचा असेल तर तीन.

मी तीन दाबलं.

त्या यंत्राची एक सोय होती. पुसलेला निरोप फोन खाली ठेवेपर्यंत परत आणता यायचा. चुकून बोट पडलं तर असावं म्हणून. मी ते सगळ्यांना शिकवलं होतं. रिसीव्हर माझ्या कानाशी होता आणि मी तो तसाच धरून बसले होते.

हेर्लेकर साहेब वळले. "काय आहे?"

"सलगरचं काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

ते माझ्याकडे बघत राहिले. मूर्ख नव्हते ते. माझा चेहरा त्यांनी वाचला असणार, कारण खिशातून रुमाल काढून मान पुसत ते हळूच म्हणाले, "बरं झालं, बाई. तुमच्याही दृष्टीनं बरं झालं."

मी रिसीव्हर खाली ठेवला.

सोमवारी अकराला कॉन्फरन्स हॉलमध्ये चौकशी झाली. सांगलीचे उपाध्ये वकील चौकशीला बसले होते. म्हातारे होते, सज्जन होते. टेबलाच्या एका बाजूला हेर्लेकर साहेब आणि मी, दुसऱ्या बाजूला सलगर एकटा. भिंतीशी मुजावरचा थोरला भाऊ बसला होता. तो पूर्ण वेळ सलगरकडे बघत होता आणि सलगर एकदाही त्याच्याकडे बघू शकला नाही.

मी दोनशे चौदाच्या बॉक्सची यादी कागदावर छापून दिली. मंगळवारपर्यंतचे सोळा निरोप. सलगरचा नाही.

"ठिवलाय जी मी," सलगर म्हणाला. "देवाशपथ ठिवलाय. बाईंनीच जोडून दिलं हुतं."

वकील माझ्याकडे वळले. "जोडून दिलं होतं?"

"हो," मी म्हटलं. "जोडून देणं माझं काम. पुढं काय बोलले, ते मला कसं कळणार?"

शब्द न् शब्द खरा वाटेल असं बोलले मी.

उपाध्ये वकिलांनी जरा विचार केला. मग टेबलावरचा स्पीकरचा फोन सलगरपुढे सरकवला. "दाखवा बरं, कसा ठेवला होतात निरोप. इथंच करून दाखवा."

सलगरनं तीन आकडे दाबले. घंटी वाजली, आणि सगळ्या हॉलभर माझा आवाज घुमला. "हेर्लेकर साहेब जागेवर नाहीत." हेर्लेकर साहेब फोनपासून दोन हातांच्या अंतरावर बसले होते. आणि मीही समोर बसले होते, तोंड मिटून. सलगरनं एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. बोट वर करायचं तो विसरला. माझ्या डोळ्यांत बघून, कळवळून त्यानं मला उत्तर दिलं, "व्हय बाई, मी बिरू सलगर, तुमाला सांगितलं न्हवं का, ब्रेक घसरायलाय म्हनून—"

मग बीप वाजलं.

सलगरचं तोंड उघडंच राहिलं. यंत्र ऐकत होतं आणि हॉलमध्ये कोणीच बोलत नव्हतं. मागं चौकशी टिपून घेणारा टाइपिस्ट फिसकन हसला. वकिलांनी स्वतः पुढं होऊन फोन बंद केला.

"असं झालं असणार," ते समजुतीनं म्हणाले. "तुम्ही बोललात, पण बीपच्या आधी. माणूस घाईत असला की होतं."

मुजावरचा भाऊ उठला आणि बाहेर निघून गेला. सलगर त्याच्या पाठीकडे बघत राहिला. मग सावकाश माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. तसं काही नव्हतं. शाळेत गणित चुकल्यावर पोरं मास्तरांकडे बघतात, तसा तो बघत होता.

"बाई, मी तवा बी आधीच बोललो असंन का वो?"

नाही, सलगर. तुम्ही थांबला होता. हां, वाजलं, असं म्हणून मग बोलला होता. एवढंच म्हणायचं होतं. हॉलमधली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. हेर्लेकर साहेब टेबलावरच्या पेन्सिलीकडे बघत होते.

"असेल," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. दोनदा, तीनदा. मग कागदावर सही केली. निघताना दारात थांबला आणि मला हात जोडले.

"तुमी शिकवायला कमी केलं न्हाई बाई," तो म्हणाला. "माझंच डोस्कं चालंना."

महिनाभरात त्याला कामावरून काढल्याचं पत्र गेलं. मुजावरला मालकांनी गेटवर बसायचं काम दिलं. त्यानं सलगरचं तोंड पुन्हा पाहिलं नाही, असं बेडगची माणसं सांगायची. माझी पाटी राहिली. मी आणखी अकरा वर्षं त्या खोलीत काढली, आणि हेर्लेकर साहेबांनी त्या अकरा वर्षांत माझी एकदाही चेष्टा केली नाही.

निवृत्त झाल्यावर चार-पाच वर्षांनी मिरजेच्या स्टँडवर कोणीतरी मागून हाक मारली. "टिळेकरबाई न्हवं?" सलगर होता. केस पांढरे झालेले, हातात नातीचं बोट. त्यानं बळंबळं मला बाकावर बसवलं, नातीला पाया पडायला लावलं.

"ह्या बाईंनी मला फोन शिकिवला हुता," तो तिला सांगत होता. "पर तुजा आज्जा येडा. वाजायच्या आधीच बोलला."

नात हसली. मग त्यानं खिशातून मोबाइल काढून माझ्या हातात दिला. त्यावर यासीन मुजावरचा नंबर होता.

"ह्यो काय माझा फोन उचलत न्हाई, बाई. बरुबर हाय त्याचं. पर ईद झाली परवा, म्हनलं एकदा बोलावं. तुमी लावून द्या. तुमी सांगितलं तर ऐकंल त्यो."

मी तो नंबर माझ्या मोबाइलवरून लावला. घंटी वाजत राहिली. मग मुजावरचा आवाज आला, "कोन?" आणि मी काही न बोलता मोबाइल सलगरच्या कानाला लावला. सलगरनं डोळे मिटले आणि एक बोट वर केलं. तो बीप वाजायची वाट बघत थांबला. पलीकडून मुजावर दोनदा "कोन, कोन" म्हणाला आणि फोन बंद झाला.